व्याह्यांची राहिलेली फायनल

आमचे व्याही हे हिंदुस्थानातले, आणि माझ्या अंदाजाने जगातलेही, एकमेव टेनिसचे पंच असावेत, ज्यांचा एक सामना त्यांच्या नोकरीपेक्षा जास्त टिकला. नोकरी रोह्याशेजारच्या धाटावच्या एका केमिकल कंपनीत झाली, निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, भिंतीवर लावायला घड्याळ मिळालं, ते यथावकाश बंदही पडलं. सामना मात्र चालूच. चालू म्हणजे कोणी रोज खेळत होतं असं नाही. तो थांबला होता. पण थांबणं निराळं आणि संपणं निराळं, हे व्याही इतक्यांदा आणि इतक्या ठिकाणी समजावून सांगत की रोह्याच्या बाजारात ते दिसले की ओळखीची माणसं दुसऱ्या गल्लीने जात. ज्या माणसाने जन्मात हातात रॅकेट धरली नाही, पांढरी चड्डी घातली नाही, त्याला रोह्याच्या मातीच्या कोर्टावर होणाऱ्या व्यावसायिक टेनिस स्पर्धेचा समग्र इतिहास तोंडपाठ होता, आणि त्या इतिहासाच्या पहिल्याच वर्षाला विजेता नव्हता. पहिल्या वर्षीची फायनल अर्धवट राहिली होती आणि ती पुरी केल्याशिवाय मरायचं नाही असं व्याह्यांनी ठरवून टाकलं होतं. यावर आमच्या विहीणबाईंचं म्हणणं, "मग नका करू पुरी. काय घाई हाय?"

माझं पेणला खेळाच्या सामानाचं आणि वह्या-पेन्सिलींचं दुकान आहे. माझी मुलगी बघायला ही मंडळी रोह्याहून आली तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर व्याह्यांनी मुलीला काही विचारलंच नाही. मला विचारलं, "तुमच्या दुकानात टेनिसचे चेंडू हायत?" म्हटलं, "आहेत की. डझनाने खपतात." व्याह्यांचा चेहरा असा उजळला की ते शेजारी बसलेल्या मुलाला म्हणाले, "बाला, इथंच करून टाक." मग मोठ्या जिव्हाळ्याने त्यांनी विचारलं, "कोण कोण खेलतात पेणला?" मी सरळपणे सांगितलं, "सगळीच पोरं. क्रिकेट." खोलीत एकदम सुतक आल्यासारखं झालं. आमच्या अख्ख्या रायगड जिल्ह्यात टेनिसचा चेंडू हा बॅटने मारण्यासाठी जन्माला येतो, त्याचा टेनिसशी काही संबंध असेल अशी शंकासुद्धा कोणाला येत नाही. पण व्याह्यांना ते ऐकून इतकं लागलं की जमत आलेलं लग्न मोडतंय की काय असं मला वाटायला लागलं. तेवढ्यात विहीणबाईंनी पदर सावरत म्हटलं, "अवो, पोरगी बघायला आलोय आपण. चेंडू नाय." लग्न ठरलं. मुहूर्त काढताना स्पर्धेचा आठवडा तेवढा वगळावा लागला. स्पर्धा बंद पडून तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण व्याह्यांच्या मते बंद पडणं निराळं आणि रद्द होणं निराळं.

प्रत्यक्ष लग्नात त्यांनी जे केलं त्याची आठवण आमचे भटजी अजून काढतात. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, मंडपात नेहमीसारखा कालवा चाललेला. वराच्या मागे उभ्या असलेल्या व्याह्यांनी भटजींच्या हातून माईक घेतला आणि अत्यंत थंड आवाजात म्हटलं, "क्वाएट प्लीज." मंडप चिडीचूप झाला. बँडवाल्याने ओठाला लावलेली क्लॅरिनेट खाली घेतली. माझ्या मेहुण्याने 'सावधान'च्या आधीच अक्षता टाकल्या, तेव्हा त्याच्याकडे बघून हे पुटपुटले, "फॉल्ट."

आता तो इतिहास. मी तो जेवताना ऐकलाय, एसटीत ऐकलाय, एकदा दाढदुखीवर लवंगतेलाचा बोळा धरून बसलो असताना ऐकलाय, त्यामुळे तो सांगायचा अधिकार मला आहे. फार पूर्वी व्याह्यांच्या कंपनीत एक बडे साहेब बदलून आले. त्यांना टेनिसचं वेड आणि तेही मातीच्या कोर्टाचं. कंपनीच्या कॉलनीत तसं कोर्ट करायचं आणि त्यावर रोख बक्षिसाची स्पर्धा भरवून बाहेरचे व्यावसायिक खेळाडू आणायचे, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी प्लांटमध्ये येऊन विचारलं, "इथे मातीतलं कोणाला कळतं?" सगळ्यांनी एकमताने व्याह्यांकडे बोट दाखवलं, कारण व्याही धरमतरच्या खाडीकडचे, पिढीजात मिठागरावरचे. साहेबांना कोणती माती अभिप्रेत होती ते त्यांनी सांगितलं नाही आणि व्याह्यांनी विचारलं नाही. माती म्हणजे खाडीची, आणि खाडीची म्हणजे आपल्या धरमतरची, यात विचारण्यासारखं होतं काय? त्यांनी ट्रक भरभरून काळा चिखल धाटावला आणला, गावाहून काका-मामांची टोळी बोलावली, आणि मिठागराचा तळ तुडवतात तसा त्या मंडळींनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, गाणी म्हणत, अनवाणी पायांनी तो चिखल असा काही तुडवला की तळहातासारखी सपाट जमीन झाली. वरून वीटभट्टीची लाल भुकटी पसरली. साहेब खूष झाले. एवढ्या खुषीत कोणाच्या लक्षात आलं नाही की चिखलाबरोबर खाडीचे मूळ रहिवासीही धाटावला आले होते.

ते सेमीफायनलला बाहेर आले. पुण्याहून आलेला एक खेळाडू, जो गावोगावच्या बक्षिसांवर पोट भरत असे आणि ज्याला व्याही आजतागायत नुसतं 'पुणेकर' म्हणतात, सर्व्हिस करायला उभा राहिला आणि त्याच्या दोन पायांच्या मधून एक खेकडा नांग्या उगारून वर आला. पुणेकराने जी उडी मारली ती थेट जाळीपाशी. खुर्चीवर व्याही होते; साहेबांकडे नियमांचं एकच पुस्तक होतं आणि ते वाचायची तसदी त्यांच्याशिवाय कोणी घेतली नव्हती, शिवाय मिठागराच्या या टोकाकडून त्या टोकाला हाक मारून कमावलेला आवाज होता, म्हणून तेच पंच. त्यांनी पुस्तक चाळलं. त्यात पाऊस होता, वारा होता, प्रेक्षक होते, खेकडा नव्हता. मग त्यांनी स्वतःच्या अखत्यारीत निकाल दिला, "लेट. खेकडा आत हाय." आत म्हणजे रेषेच्या आत. पॉइंट पुन्हा खेळवला. खेकड्याला दामू ऑपरेटरने शेपटाकडून, म्हणजे जिथे शेपूट असायला हवं तिथून, उचलून डब्यात टाकलं आणि संध्याकाळी त्याचं कालवण झालं.

हा दामू ऑपरेटर म्हणजे फायनलचा दुसरा खेळाडू. व्याह्यांच्याच प्लांटमधला, त्यांच्याच शिफ्टचा, दोघं एका डब्यात जेवणारे. साहेबांना सरावाला कोणीतरी लागायचं म्हणून त्याच्या हातात रॅकेट आली, आणि काळाकभिन्न, दांडगा दामू पायात कॅनव्हासचे बूट घालून साहेबांनाच हरवू लागला. फायनलला कॉलनीच नव्हे, सगळं रोहा लोटलं. सामना लांबला. तिसरा सेट, पाच-चार पुणेकर पुढे, सर्व्हिस दामूची, ड्यूस. आणि दुपारच्या शिफ्टचा भोंगा झाला. दामूने चेंडू खिशात घातला. व्याही खुर्चीवरून उतरले. दोघांची दुपारची शिफ्ट होती आणि प्लांटवर जो माणूस असतो त्याला बदली आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. सकाळपासून उभा असलेला आपला माणूस ताटकळतोय हे दोघांनाही इतकं उघड होतं की त्यांनी परवानगी मागितली नाही. व्याही एवढंच म्हणाले, "टाइम. बाकीचं उद्या." प्रेक्षकांतले निम्मे त्याच शिफ्टचे होते, तेही उठले. साहेब "अरे, अरे" करत राहिले. पुणेकर एकटाच कोर्टावर उभा. त्याला दुसऱ्या दिवशी दुसरीकडे सामना होता, तो संध्याकाळच्या गाडीने गेला आणि परत आलाच नाही.

स्पर्धा पुढे बरीच वर्षं झाली. दर साली विजेत्याचं नाव क्लब-हाउसच्या फळ्यावर रंगवलं जाई, फक्त पहिली ओळ रिकामी. कमिटीने कितीदा तरी सुचवलं की तिथे दोघांची नावं लिहू, संयुक्त विजेते. व्याही ताडकन म्हणत, "पंचानं निकाल दिला नाय. पंच जिवंत हाय." बाकीच्या वर्षांचा इतिहास ते आनंदाने सांगत. कोणत्या वर्षी दवाने कोर्ट इतकं ओलं झालं की नाणेफेकीचं नाणं मातीत उभं रुतलं. कोणत्या वर्षी कोल्हापूरच्या एका नामांकित खेळाडूला दामूने आदल्या संध्याकाळी शेतावर पोपटीला, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायला, नेलं, मडकं उघडल्यावर भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास त्याला सोसवेना इतका आवडला, वालाच्या शेंगा त्याने मूठमूठ खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी दर दोन पॉइंटांनंतर तो कॉलनीतल्या कोणत्या कोणत्या घरात जाऊन आला. ही सगळी वर्षं ते हसत हसत सांगत, आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणत, "पण तसं बघायला गेलं तर हे सगलं बेकायदा हाय. पहिली फायनल संपलीच नाय, तर दुसरी स्पर्धा सुरू कशी झाली?"

घरात तर त्यांचं पंचपण चोवीस तास. सासू-सुनेची कुरबुर झाली की ते स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर चढून बसत, कारण खाली बसून निकाल देता येत नाही असं त्यांचं मत. मुलीचा फोन येई, "बाबा, आज आईंचा बाहेर गेला," आणि मला कळे की आमटीच्या मिठावरून झालेल्या वादात तिला पॉइंट मिळाला आहे. अंगणात चपला घालून कोणी फिरायचं नाही. फिरलंच तर ते पावलाच्या ठशाशी उकिडवे बसून सांगत, "हा पोस्टमन. घाईत होता." मातीच्या कोर्टावर चेंडू पडला की ठसा उठतो, त्यामुळे तिथे पंचाने खुर्चीवरून उतरून ठसा बघायचा असतो, हाच त्यांना टेनिसमधला सर्वांत थोर भाग वाटे. टीव्हीवर परदेशातल्या स्पर्धा ते आवाज बंद करून, स्वतः गुण पुकारत बघत, पण फक्त मातीवरच्या. गवतावरचं टेनिस लागलं की चॅनल बदलत. "गवत गुरांना. सिमीटावर खेलायचं तर कंपनीचं गोडाऊन काय वाईट हाय?"

असं सगळं सुखाने चाललं असतं. पण गेल्या हिवाळ्यात एक दिवस व्याही न सांगता सवरता पेणला माझ्या दुकानात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात. चहा मागवला तर तो गार होऊन गेला. शेवटी म्हणाले, "व्याही, कॉलनी पाडतायत. कोर्ट पण. तिथं ट्रक उभे करणार." मी आपलं रीतीप्रमाणे 'अरेरे' म्हटलं. ते म्हणाले, "अरेरे नाय. माती गेली तर फायनल कुठं घेऊ?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्या इतिहासाला हसलो नाही. या माणसाने खुर्चीवरून उतरल्यापासून निकालाचं एकच वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं, आणि ते म्हणायची जागाच आता नाहीशी होणार होती.

पुणेकराला शोधायचं काम माझ्याकडे आलं. रॅकेटींचा माझा पुण्यातला ठोक व्यापारी त्याला ओळखत होता. तो तिथे रॅकेटींना तारा ओवून देण्याचं दुकान चालवत होता. मी फोन लावला, सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "ती खेकड्याची जागा ना?" म्हटलं, "तीच." तो म्हणाला, "स्कोअर काय झाला होता?" माझ्या कानाशी कान लावून बसलेले व्याही ओरडले, "तिसरा सेट! पाच-चार तुमी! सर्व्हिस दामूची! ड्यूस!" पलीकडून अस्सल पुणेरी शांतपणाने उत्तर आलं, "माझा एक गुडघा बदललेला आहे आणि दुपारी जेवून मी झोपतो. सकाळी आटपणार असाल तर येतो."

खरी अडचण निराळीच होती, आणि ती मला मुलीने समजावून सांगितली. पुणेकराने तो गेम घेतला तर सामना तिथेच संपणार. दामूने घेतला तर पाच-पाच होणार, मग पुढे किमान दोन गेम, आणि दामूला साखर, पुणेकराला गुडघा. म्हणजे फायनल पुरी व्हायची तर आपला रोह्याचा माणूस हरायला हवा. कोणीतरी हे दामूच्या कानावर घातलं. सत्तरी ओलांडलेला, पोट सुटलेला, दोन नातवांना शाळेत सोडून येणारा दामू ऑपरेटर उसळून म्हणाला, "मी काय हराया येतंय काय? पाच-पाच करतंय नि सात-पाच मारतंय. मंग मला दवाखान्यात न्या." त्याने माझ्या दुकानातली शोकेसमध्ये वर्षानुवर्षं शोभेला ठेवलेली एकुलती एक टेनिसची रॅकेट नेली. व्याह्यांनी त्याच्याशी त्या दिवसापासून बोलणं बंद केलं. पंचाने खेळाडूशी बोलू नये म्हणून.

कोर्टावर गुडघाभर रान माजलं होतं. व्याह्यांनी ते काढलं, माती ओली केली, आणि तुडवायला माणसं कमी पडली तेव्हा घरची लावली. मी रोह्याला गेलो तर माझी बी.कॉम. झालेली मुलगी सासूच्या खांद्यावर हात टाकून चिखल तुडवत होती आणि दोघी गाणं म्हणत होत्या. विहीणबाई मला बघून म्हणाल्या, "या व्याही, काढा बूट." मी काढले. काय करतो? मुलीकडची बाजू.

सामन्याच्या सकाळी कॉलनीत माणसं जमली ती सगळी पेन्शनर. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कानटोप्या, एकमेकांच्या कवळ्यांची चौकशी. पुणेकर गुडघ्याला पट्टा बांधून गाडीतून उतरला. त्याने दामूकडे बघितलं, दामूने त्याच्याकडे बघितलं, आणि दोघांनीही दुसरा किती म्हातारा झालाय याबद्दल समाधान व्यक्त केलं. व्याही पांढराशुभ्र शर्ट घालून, जुन्या लोखंडी खुर्चीवर चढून बसले. मी त्यांच्या मागे सावलीत जागा धरली. दोघांनी नमुन्याला चारदोन चेंडू मारले आणि व्याह्यांनी घसा साफ केला. जणू कोणी पाणी प्यायला थांबलं होतं अशा आवाजात त्यांनी पुकारलं, "ड्यूस."

दामूने पहिल्याच पॉइंटला डबल फॉल्ट केला. "ॲडव्हान्टेज पुणे." पुढचा चेंडू पुणेकराने जाळीत घातला. "ड्यूस." मग दामू पुढे गेला, मग पुणेकराने गाठलं. मग पुणेकर पुढे, मग दामूने गाठलं. चेंडू जाळीवरून जात ते असे सावकाश की मधल्या मधे चहा मागवता आला असता. दोघं धापा टाकत होते, दामूची बायको कडेला ग्लुकोजचा पेला धरून "अवो, पुरे करा आता" म्हणत होती, आणि दोघांच्याही तोंडावर हसू होतं. पण दामू खरोखर जिंकायला खेळत होता. त्याची नजर पाहिली असती तर कळलं असतं. त्याला त्या फळ्यावर आपलं नाव हवं होतं. प्लांटमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाचं नाव दुसरीकडे कुठे लागणार होतं?

पुन्हा ॲडव्हान्टेज पुणेकराकडे गेला. दामूने सर्व्हिस केली, चेंडू चारपाच वेळा इकडून तिकडे झाला, आणि दामूने एकदम जुन्या दिवसांतला हात काढला. चेंडू पुणेकराला ओलांडून कोपऱ्यात, रेषेपाशी आदळला. लाल धूळ उडाली. पुणेकर जागचा हलला नाही. "आत! आत!" सगळं पेन्शनर रोहा उभं राहून ओरडलं. पुणेकर शांतपणे म्हणाला, "मला दिसला नाही. पंचांना विचारा." दामू रॅकेटवर भार देऊन उभा होता. तो वर बघून म्हणाला, "आत होता रे. बोल ना."

व्याही एकेक पायरी करत उतरले, कोर्टाच्या कडेने चालत त्या कोपऱ्यात गेले आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. ठसा आत असेल तर पुन्हा ड्यूस. दामू जिवंत, रोहा जिवंत, खेळ अजून चालू. बाहेर असेल तर सगळंच संपलं. ठसा बघायला किती वेळ लागतो? ते इतका वेळ वाकून राहिले की पुणेकर जवळ यायला निघाला आणि मधेच थांबला. मग ते सरळ झाले आणि त्यांनी एक बोट वर केलं.

"आउट."

व्याही पुन्हा खुर्चीकडे आले. चढताना पाय घसरला, माझ्या जावयाने धरलं. वर बसून त्यांनी तोंड उघडलं, आणि मिठागराच्या टोकापर्यंत जाणारा तो आवाज जाळीपर्यंतही गेला नाही. त्यांना ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. "गेम, सेट अँड मॅच, पुणेकर." पुणेकराने टोपी काढली. दामू मात्र हस्तांदोलन सोडून आधी खुर्चीपाशी आला. "एका डब्यात जेवलो रं आपण." व्याही म्हणाले, "व्हय." "नि आउट?" "आउट." दामूने टॉवेलने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं, आणि मग म्हणाला, "मंग आउट," आणि पुणेकराचा हात हातात घ्यायला गेला.

फळ्याची पहिली ओळ व्याह्यांनी स्वतः रंगवली. पुढच्याच आठवड्यात जेसीबी आला. ते बघायला गेले नाहीत. आणि त्यानंतर एक विचित्र गोष्ट झाली. व्याह्यांनी इतिहास सांगणं सोडलं. बाजारात लोक त्यांना बघून पळेनासे झाले. घरात मिठावरून वाद झाला तरी ते स्टुलावर चढेनात; मुलगी म्हणाली, "बाबा, आता कोणाचा आत, कोणाचा बाहेर, काही कळतच नाही. नुसतं भांडण होतं." मी मुद्दाम रोह्याला जाऊन आलो. जेवताना मीच पोपटीचा विषय काढला, कोल्हापूरच्या खेळाडूचा. त्यांनी दोन वाक्यांत संपवला. जो इतिहास चुकवण्यासाठी मी कैक वेळा आधीची एसटी पकडली होती, तो आता मी मागून मागून घेत होतो आणि समोरून मिळत नव्हता. मला फार वाईट वाटलं. एखाद्याची फायनल पुरी करून देताना आपण त्याच्याकडून काय काढून घेतो, हे आधी कोणी सांगत नाही.

मी निघालो तेव्हा ते स्टँडपर्यंत पोचवायला आले. पेणची गाडी लागलेली होती. मी खिडकीशी बसलो, ते खाली उभे. ड्रायव्हर अजून यायचा होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग त्यांनी खिडकीच्या गजाला धरून, आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना बघून, हळू आवाजात विचारलं, "व्याही, तो आउटच होता ना?"

मला टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही. तो ठसा त्या एका माणसाशिवाय कोणी नीट पाहिला नव्हता, आणि आता त्या जागी ट्रक उभे होते. मी त्यांच्या डोळ्यांत बघून ठामपणे म्हटलं, "आउटच होता. मी बघितला ना माझ्या डोळ्यांनी. चांगला बोटभर बाहेर."

व्याही माझ्याकडे बघत राहिले. पंच बघतो तसे. "तुमी खुर्चीच्या मागं बसला होता," ते म्हणाले, "तिथनं त्यो कोपरा दिसत नाय." ड्रायव्हर आला, गाडी सुरू झाली. त्यांनी गजावरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि गाडी हलेपर्यंत तो काढला नाही. "पण बरं केलंत," ते म्हणाले, "बोललात ते."